सहा पाकिटांचा 'औषधी बाग' संच: बी बरं, पुस्तिका वाईट

खोक्यात बियांची सहा पाकिटं, कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) बारा चकत्या, लाकडी पाट्या आणि एक पुस्तिका येते. पाकिटांवरची चित्रं सुरेख आहेत. शास्त्रीय नाव मात्र दोनांवरच. पारंपरिक उपयोगासाठी झाड लावायचं तर इथेच गाडं अडतं, कारण एकाच बाजारी नावाखाली दोन-तीन वेगळी झाडं विकली जातात.

कॅलेंड्युला हे सगळ्यात चोख पाकीट. त्याला 'पॉट मॅरिगोल्ड' म्हणत असल्यामुळे झेंडूशी गल्लत होते. बी पाहिलं की शंका मिटते: झेंडूचं सरळ, काळ्या सुईसारखं, टोकाला पांढुरका झुपका, कॅलेंड्युलाचं वाकडं, खरबरीत, वाळलेल्या अळीसारखं. संचात कॅलेंड्युलाचंच बी आहे. एक सेंटिमीटर खोल पेरावं, आठ-दहा दिवसांत उगवतं. थंड हवा मानवते, कडक उन्हात फुलं बारीक पडतात. दर दोन-तीन दिवसांनी फुलं खुडत राहिलं तर नवी येत राहतात.

त्वचेसाठी तेल करताना नुसत्या पाकळ्या घेऊ नयेत. चिकट राळ मुख्यतः खालच्या हिरव्या वाटीत असते. हीच वाटी वाळायला सगळ्यात जास्त वेळ घेते. पाकळ्या कुरकुरीत झाल्या म्हणून फूल बरणीत टाकलं की आतल्या ओलाव्याने बुरशी धरते. वाटी दाबून कडक लागेपर्यंत सावलीत वाळवावं, बरणी सैलसर भरावी, फुलं पूर्ण बुडतील एवढं तेल ओतावं आणि चार ते सहा आठवड्यांनी गाळावं.

पुस्तिका मात्र सगळ्याच बियांना 'एक सेंटिमीटर खोल' सांगते. कॅमोमाइलचं बी जवळजवळ धुळीसारखं. त्याला उगवायला उजेड लागतो. ते बारीक वाळूत मिसळून मातीवर नुसतं पसरावं, हाताने दाबावं आणि पाणी फवाऱ्यानेच द्यावं. पाकिटावर जातही दिलेली नाही. फूल आल्यावर मधला पिवळा शंकू उभा चिरून पाहावा: आत पोकळ असेल तर जर्मन, भरीव असेल तर रोमन. जर्मन कॅमोमाइल एकाच हंगामाचं, पण फुलं भरपूर देतं. पांढऱ्या पाकळ्या मागे वळू लागल्या की काढायची. झेंडू-शेवंतीच्या कुळाची ॲलर्जी असणाऱ्यांनी काढ्यापासून लांबच राहावं.

एकिनेशिया आणि लॅव्हेंडरचं बी ओलसर कोकोपीटमध्ये मिसळून तीन-चार आठवडे फ्रिजमध्ये ठेवलं तर उगवण सुधारते. पुस्तिकेत याचा उल्लेखही नाही. एकिनेशियाची मुळं वापरायची तर तीन वर्षांची तयारी हवी.

पेपरमिंट हे पाकीट सरळ फसवं. पेपरमिंट हा वांझ संकर आहे. त्याचं खात्रीचं बी मिळतच नाही. पाकिटातून येतो तो बहुधा साधा पुदिना किंवा काहीतरी सरमिसळ. त्यापेक्षा चार-पाच इंचांची छाट पाण्यात ठेवावी, मुळं दोन आठवड्यांत फुटतात. कुंडीतच लावावी, जमिनीत ती शेजारच्या झाडांवर चढाई करते.

चकत्या चांगल्या फुगतात, पण सतत ओल्या राहिल्या तर रोपं बुडाशी कुजून कोलमडतात. त्यात पोषण नसतं, म्हणून खऱ्या पानांची दुसरी जोडी आली की कुंडीत हलवावं.

पुस्तिकेतली सर्वांत गंभीर चूक कॉम्फ्रीच्या माहितीत. तिच्यात कॉम्फ्रीचा चहा प्यायला सांगितलं आहे. कॉम्फ्रीत पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स नावाची रसायनं असतात, ती यकृताला घातक. मुरगळीवर पाल्याचा लेप बांधण्याचा जुना उपयोग आहे, पण तोही अखंड त्वचेवर आणि थोडे दिवसच. शिवाय फुलं येण्यापूर्वी कॉम्फ्रीची पानं विषारी डिजिटॅलिसच्या पानांसारखी दिसतात, त्यामुळे या दोन झाडांच्या कुंड्या शेजारी ठेवू नयेत. पुस्तिकेतलं कॉम्फ्रीच्या चहाचं पान फाडून टाकावं. कॉम्फ्रीचा पाला मात्र खताच्या खड्ड्यात उत्तम कुजतो.