स्पेलिंगची भीती घालवणारा फोंड्यातला रविवारचा वर्ग

फोंड्याला एका निवृत्त शिक्षकांच्या ओसरीवर रविवारी १० ते १२ इंग्रजी शब्दांच्या लॅटिन मुळांचा वर्ग चालतो. ८ रविवार, फी १२०० रुपये. पुतणीला सोडायला गेले आणि पहिल्याच दिवशी स्वतःचंही नाव घालून आले. मी पतसंस्थेत कॅशियर आहे. शाळा मराठी माध्यमाची, त्यामुळे इंग्रजी पत्र लिहायचं म्हटलं की अजून धडधडतं.

सरांनी फळ्यावर कर्जाचा 'डेट' लिहिला : डी, ई, बी, टी. मग माझ्याकडे वळून कोंकणीत म्हणाले, "बाय, हांगा बी कित्याक?" म्हणजे उच्चारात नसलेला बी इथे कशाला? मी गप्प. मूळ लॅटिन शब्द 'डेबितुम'. फ्रेंचमधून इंग्रजीत येईपर्यंत त्यातला बी झडून गेला होता. पुढे विद्वानांनी लॅटिन मूळ दिसावं म्हणून तो लिहिण्यात परत आणला, बोलण्यात मात्र तो आलाच नाही. आमचं डेबिटही त्याच 'डेबितुम'चं. २२ वर्षं रोज डेबिट लिहितेय, पण हे नातं मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझे पैसे वसूल झाले ते चौथ्या रविवारी. 'अकॉमडेट'मध्ये दोन सी की एक, दोन एम की एक, यावर मी आयुष्यभर अडले. सरांनी शब्द फोडला : 'अद' म्हणजे कडे, 'कोम' म्हणजे सह, 'मोदुस' म्हणजे माप. 'अद'मधला द पुढच्या क सारखा होतो, म्हणून दोन सी. 'कोम'चा एक एम, 'मोदुस'चा एक, म्हणून दोन एम. मग त्यांनी विचारलं, सत् अधिक जन? सगळी ओसरी ओरडली, सज्जन! उत् अधिक लास? उल्लास! अहो, ही तर आपली संधी! 'अट्रॅक्ट'मधले दोन टी तसेच आले, आणि त्यातला 'ट्रॅक्ट' म्हणजे ओढणं, जो ट्रॅक्टरमध्येही आहे. त्या दिवसापासून जोडअक्षर दिसलं की मी आधी शब्द फोडून बघते.

आपल्या गोव्यातले शब्दही सर आणतात. पगार पोर्तुगीज 'पागार'वरून, तो लॅटिन 'पाकारे'वरून, म्हणजे शांत करणं. इंग्रजी 'पे'सुद्धा तिथलाच. पैसे हातात पडल्यावर काउंटरसमोरचा माणूस कसा निवतो ते मी रोज बघते, मला हे लगेच पटलं. सॅलरीचं मूळ मिठाशी जोडलेलं आहे, पण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठच देत याला पुरावा नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. सगळीकडे सांगितली जाणारी गोष्ट म्हणून त्यांनी ती खपवली नाही, याचं मला फार मोल वाटतं.

तक्रार एकच, पण खरी आहे. शेवटच्या दोन रविवारी ग्रीक मुळंही कोंबली आणि नववीतली मुलं मागे पडली. पुतणी तर रडकुंडीला आली. त्यासाठी आणखी दोन रविवार घ्यावेत, जादा फी द्यायला मी तयार आहे. झेरॉक्सही फिक्या येतात. मी घरी येऊन सगळं वहीत उतरवून काढायचे.

नवी तुकडी गणेश चवथीनंतर. ओसरीवर १४ जणच मावतात, नाव आधी घालून ठेवा.