दुकानाचा नंबर दुकानापुरताच: आभासी क्रमांकाचा आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात नवी पेठेत आमचे चादरी-टॉवेलचे दुकान आहे. माझा मोबाइल नंबर गेली चौदा वर्षे पाटीवर, पावतीपुस्तकावर आणि पिशव्यांवर छापलेला असल्यामुळे तो बदलणे म्हणजे जुनी गिऱ्हाइके हातची घालवणे होय. कर्ज, क्रेडिट कार्ड, विमा, प्लॉट असे दिवसाला दहा-बारा फोन येत. अनोळखी नंबर उचलूच नका, हा सल्ला पगारदार माणसाला ठीक आहे; पण विजापूरहून किंवा कलबुर्गीहून पहिल्यांदाच माल मागणारा व्यापारीही मला अनोळखीच असतो, त्यामुळे प्रत्येक फोन उचलण्यावाचून गत्यंतर नव्हते. १९०९ वर संदेश पाठवून डीएनडी, म्हणजे जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद, सुरू केले, तेव्हा १४० ने सुरू होणारे नोंदणीकृत जाहिरातींचे फोन बरेचसे थांबले. साध्या दहा आकडी नंबरवरून येणारे मात्र थांबेनात. त्यांची तक्रार सात दिवसांच्या आत करता येते, परंतु समोर गिऱ्हाईक चादर उलगडून बघत असताना ती करणार कधी?

म्हणून दिवाळीनंतर आधार पडताळणी करून एक आभासी नंबर घेतला. याला वेगळे सिम लागत नाही. त्या नंबरवर आलेला फोन आधी कंपनीच्या सर्व्हरवर जातो. आपल्या परवानगीच्या यादीतला असेल तर आपल्या मोबाइलवर वळवला जातो, नसेल तर फोन करणाऱ्याला ध्वनिमुद्रित निरोप ठेवायला सांगितले जाते. त्यावर आलेले एसएमएस कंपनीच्या ॲपमध्ये दिसतात. महिन्याचा खर्च साध्या रिचार्जच्या आसपास येतो.

पहिल्या महिन्यात काहीही फरक पडला नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. जुना नंबर ज्यांच्या याद्यांत गेला होता त्यांच्याकडून तो परत कसा येणार? आभासी नंबर पुढची गळती थांबवतो, मागची नव्हे. मी वहीत रोज फोन मोजत होतो, त्यानुसार चौथ्या महिन्यापासून जुन्या नंबरवरचे नकोसे फोन दिवसाला चार-पाचांवर आले. त्यात दुपारच्या सामसुमीत नेटाने केलेल्या तक्रारींचाही वाटा असावा.

खरा उपयोग कळला तो जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत. होम मैदानावर एका स्टॉलवर बक्षिसाचे कूपन भरताना मुलीने नेहमीच्या सवयीने दुकानाचा नंबर लिहायला घेतला, तो खोडून मी आभासी नंबर लिहिला. वहीप्रमाणे तोवर तो नंबर फक्त दोन ऑनलाइन दुकानांना दिलेला होता आणि सुरुवातीच्या आठवड्यात दुसऱ्याच माणसासाठी आलेले निरोप सोडले, तर दोन महिन्यांत त्यावर एकही जाहिरातीचा फोन आला नव्हता. कूपन भरल्याच्या चौथ्या दिवशी सहलीच्या पॅकेजचे तीन निरोप येऊन पडले. नंबर कोठून फुटला हे चौदा वर्षांत प्रथमच नेमके दिसले आणि त्यासाठी दुकानातला फोन एकदाही वाजला नाही. बिल करताना काउंटरवर मोबाइल नंबर मागतात तेथेही आता हाच देतो. खरे तर ग्राहकाला नंबरची सक्ती करू नये, असे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२३ मध्येच बजावले आहे. पण मागे रांग उभी असताना वाद घालण्यापेक्षा दुसरा नंबर सांगणे सोपे पडते.

दोष आहेत आणि ते किरकोळ नाहीत. एकदा ऑनलाइन मागवलेले लेबलांचे पार्सल घेऊन आलेल्या मुलाने फोन लावला, त्याला इंग्रजीतली ध्वनिफीत ऐकू आली आणि त्याने तो ठेवून दिला. पार्सल परत गेले. दुसरे म्हणजे हा नंबर पूर्वी कोणाचा तरी असावा, कारण एका परक्या माणसाच्या थकलेल्या हप्त्यांबद्दल दटावणारे निरोप सुरुवातीला आठवडाभर येत होते. त्यातून एक धडा घेतला: बंद झालेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो, म्हणून वर्गणी सोडण्याआधी त्यावर उघडलेली सगळी खाती दुसऱ्या नंबरवर हलवली पाहिजेत. बँक, आधार आणि जीएसटी यांसाठी मी तो वापरतच नाही. यूपीआयला तर तो चालतही नाही, कारण नोंदणीच्या वेळी ॲप मोबाइलमधल्या सिमवरूनच एसएमएस पाठवते.

ज्यांचा नंबर पाटीवर नाही त्यांना जास्तीचे साधे सिम बहुधा पुरेल. फोन वाजतच राहील, पण ते सिम संध्याकाळी बंद ठेवता येते. मला दुकानात दोन मोबाइल सांभाळणे जमत नाही. गेल्या आठवड्यात वर्षभराची वर्गणी भरली. पार्सल मागवताना मात्र आता पत्त्याच्या ओळीतच दुकानाच्या लँडलाइनचा नंबर लिहितो.