तुरुंग, बंदी की औषधाचं दुकान : डोपिंगच्या ठरावावर हात वर करण्याआधी

आमच्या तालमीची मोरी साफ करताना ती बाटली सापडली. काचेची, दहा मिलीची, रबरी बुचावर सुईची पाच-सहा भोकं. लेबल भिजून अर्धं गेलं होतं, तरी ‘मेफेंटरमाईन’ एवढं वाचता आलं. वस्तादांना इंग्रजी येत नाही. त्यांनी बाटली माझ्या हातात दिली आणि विचारलं, “जनावराचं हाय की माणसाचं?”

माणसाचं. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब घसरला की डॉक्टर हे इंजेक्शन देतात. पोरं ते जिममध्ये, कुस्तीआधी, नाहीतर भरतीच्या धावण्याआधी टोचून घेतात. छाती धडधडते आणि दमलेलं कळत नाही. दमलेलं कळत नाही म्हणजे थांबायचं कधी तेही कळत नाही.

बेळगाव तालुक्यातल्या एका गावच्या तालमीची ही गोष्ट. गावाचं नाव सांगत नाही. उगाच बाकीची गावं सुटल्यासारखी वाटतील. वस्तादांनी बाटली रुमालात बांधून कमिटीच्या बैठकीत आणली आणि तिथे दोन तट पडले. मराठा लाईट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झालेले आमचे एक काका म्हणाले, सरकारला ठराव पाठवा, औषध घेऊन खेळणाऱ्याला सरळ आत टाका. समोरून एका पैलवानाचा बाप उठला. “आप्पा, पोरगं एकोणीस वर्षांचं. त्याला सुई कुणी दिली ते विचारा की आधी.” रविवारी मतदान आहे. दोन्ही बाजूंचे मला फोन येतात, म्हणून जे माहीत आहे ते समोरासमोर मांडतो.

पर्याय तीन, दोन नव्हेत

बैठकीत ‘तुरुंग हवा की नको’ एवढंच भांडण झालं. जगात मात्र तीन तऱ्हा आहेत.

पहिली आपल्याकडची. 2022 साली संसदेने राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा केला. त्याआधी नाडा, म्हणजे आपली तपासणी करणारी संस्था, 2005 पासून काम करत होती, पण तिच्यामागे कायद्याचं बळ नव्हतं. ते या कायद्याने दिलं. झडती घ्यायचा आणि जप्ती करायचा अधिकारही दिला. शिक्षा मात्र खेळापुरतीच ठेवली: निकाल रद्द, पदक परत, काही वर्षांची बंदी, आर्थिक दंड. 2025 मध्ये दुरुस्ती झाली तीही नाडाच्या स्वायत्ततेबद्दल वाडाने घेतलेल्या आक्षेपांमुळे. (वाडा म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्था. आमच्या बैठकीत या शब्दावर पाच मिनिटं गेली.)

दुसरी तऱ्हा जर्मनी आणि इटलीची. इटलीने 2000 सालीच डोपिंगला फौजदारी गुन्हा केलं. जर्मनीने 2015 मध्ये कायदा केला. त्यात खुद्द खेळाडूला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि धंदा करणाऱ्याला गंभीर प्रकरणात दहा वर्षांपर्यंत.

तिसरी अमेरिकेची. 2020 च्या डिसेंबरात आलेला रॉडचेन्कोव्ह कायदा. यात कैद दहा वर्षांपर्यंत आहे, पण खेळाडूला नाही. पुरवणारा, टोचणारा, कट करणारा यांनाच. टेक्सासमधल्या एरिक लिरा नावाच्या माणसाने टोकियो ऑलिंपिकच्या खेळाडूंना औषधं पुरवली होती. या कायद्याखाली पहिली शिक्षा त्याला झाली. किती, तर तीन महिने.

सुभेदार काकांच्या बाजूने

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. वाडाच्या 2024 च्या आकड्यांत भारतात 7,113 नमुने तपासले आणि 260 मध्ये बंदी असलेलं औषध निघालं, म्हणजे 3.6 टक्के. आदल्या वर्षी 5,606 पैकी 213. मोठ्या प्रमाणावर तपासणी करणाऱ्या देशांत हे प्रमाण सगळ्यात वाईट. चीनमध्ये आपल्या कितीतरी पट नमुने घेतात आणि तिथे ते अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. बंदीची भीती असती तर हे आकडे असे दिसले नसते, असं काका म्हणतात.

शिवाय पोलीस आले की जे उघडं पडतं ते लघवीच्या बाटलीत पडत नाही. 27 फेब्रुवारी 2019 ला ऑस्ट्रियात जागतिक स्कीइंग स्पर्धा चालू असताना पोलिसांनी खेळाडूंच्या खोल्यांवर धाड घातली. एका खेळाडूच्या हातात तेव्हा रक्ताची नळी लावलेली होती. त्या सगळ्यामागे जर्मनीतल्या एरफुर्टचा मार्क श्मिट हा डॉक्टर निघाला, आणि 2021 मध्ये म्युनिकच्या कोर्टाने त्याला चार वर्षं दहा महिन्यांची शिक्षा दिली. रक्त काढून साठवायचं आणि शर्यतीआधी परत भरायचं, हा त्याचा धंदा. असली गोष्ट तपासणीच्या नमुन्यात सहज सापडत नाही. फोनचे रेकॉर्ड आणि फ्रिज तपासायला पोलीसच लागतात.

पण नीट बघा, त्या प्रकरणात मोठी शिक्षा कुणाला झाली? डॉक्टरला.

पुरावा कुणी द्यायचा

बैठकीत ज्यावर कुणीच बोललं नाही तो हा मुद्दा, आणि मला तोच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खेळाच्या नियमात अंगात औषध सापडलं की दोष ठरला. ते अंगात कसं आलं हे खेळाडूने सांगायचं आणि सिद्धही त्यानेच करायचं. फौजदारी कोर्टात याच्या बरोबर उलट. तिथे मुद्दाम घेतलं हे सरकारने सिद्ध करायचं आणि वाजवी शंका उरली तर फायदा आरोपीला.

नरसिंग यादव आठवा. तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला मल्ल. 2016 च्या रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनॉन हे स्टिरॉइड सापडलं. जेवणात कुणीतरी मिसळलं, असं त्याचं म्हणणं. नाडाच्या समितीने ते मान्य करून 1 ऑगस्टला त्याला मोकळं केलं. वाडाने अपील केलं आणि 18 ऑगस्टला, कुस्तीच्या आदल्या दिवशी, आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी ठोकली. घातपाताचा ठोस पुरावा त्याला देता आला नव्हता. खरं काय झालं यावर आमच्या कट्ट्यावर आजही वाद होतो. कायद्याच्या बाजूने एवढंच सांगतो: हीच केस फौजदारी कोर्टात असती तर पुराव्याचं ओझं त्याच्यावर नसतं, सरकारवर असतं. म्हणजे ‘कडक’ कायदा आला की खेळाडू हमखास अडकतो असं नाही. वकील चांगला असेल तर उलट सुटतोही. सुभेदार काकांनी याचा विचार केलेला नाही.

आणि वेळ. चितपट व्हायला एक क्षण पुरतो, खटल्याला आपल्याकडे वर्षं जातात. पैलवानाची उमेदीची वर्षं आठ ते दहा. वीस वर्षांच्या पोरावर गुन्हा दाखल झाला आणि तिसाव्या वर्षी तो निर्दोष सुटला, तर त्या निकालाचं त्याने करायचं काय? पोलीस भरतीचा फॉर्म भरताना ‘गुन्हा दाखल आहे का’ हा रकाना असतो. आमच्याकडे कुस्ती खेळणाऱ्या दहातल्या सात पोरांचा डोळा त्या भरतीवर किंवा मिलिटरीवर असतो.

देणाऱ्याचं काय

आपल्याच राज्यातली, कर्नाटकातली धावपटू अश्विनी अक्कुंजी. 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रिलेचं सुवर्ण आणलं, उडुपीकडची मुलगी. पुढच्याच वर्षी तिच्यासह रिले संघातल्या मुलींच्या नमुन्यांत स्टिरॉइड सापडलं. परदेशी प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून ते आल्याचं त्यांचं म्हणणं. आधी एक वर्षाची बंदी झाली, मग लवादाने ती दोन वर्षांची केली. प्रशिक्षकाची नोकरी गेली, पण मैदानावरची वर्षं मुलींची गेली.

खेळाच्या नियमात पुरवणाऱ्यावरही चार वर्षांपासून आजन्म बंदी आहे. पण जो मुळात खेळच खेळत नाही, कुठल्या फेडरेशनचा नाही, त्याला बंदीचं काय? औषधवाल्याला कुस्तीतून बाद केलं म्हणून तो दुकान बंद करणार नाही. इथे तुरुंगच हवा, आणि इथे माझं मत काकांच्या बाजूला झुकतं. खुद्द वाडाची भूमिकाही साधारण अशीच आहे: खेळाडूला गुन्हेगार ठरवू नका, पुरवठादाराला ठरवा.

आता आमच्या मोरीतली बाटली

इथपर्यंत वाचून तुम्ही तिसऱ्या तऱ्हेच्या बाजूने हात वर करायला निघाला असाल, तर जरा थांबा.

जर्मनीचा कायदा खेळाडूला धरतो तो फक्त तपासणीच्या यादीतला किंवा खेळातून बऱ्यापैकी कमाई करणारा असेल तरच. अमेरिकेचा कायदा मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांपुरता. जत्रेच्या मैदानात हलगीच्या तालावर हजार-दोन हजाराच्या इनामाला उतरणारा पोरगा या दोन्हींत बसत नाही. नाडाचा माणूस आमच्या गावच्या मैदानात आलेला मी आजवर पाहिला नाही. तेव्हा दिल्लीत यातल्या कुठल्याही तऱ्हेचा कायदा केला तरी ही बाटली त्याच्या हाताला लागत नाही.

तिला लागू पडणारा कायदा आधीपासून आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940. असलं इंजेक्शन डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, आणि परवाना नसताना औषध विकलं तर तीन ते पाच वर्षांची कैद. पुण्याकडे जिमच्या पोरांना हेच इंजेक्शन विकणाऱ्यांना पोलिसांनी पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. म्हणजे तुरुंग आहेच. दार उघडणारा हवा.

आणि सीमेवर ते दार जरा जास्तच जड. आमचा पोरगा सराव करतो कोल्हापूरच्या तालमीत, कुस्त्या मारतो चंदगड आणि खानापुरात, राहतो इथे. बाटली कुठे विकत घेतली? निपाणीच्या अलीकडे की पलीकडे? अलीकडे असेल तर कर्नाटकचा औषध निरीक्षक, पलीकडे असेल तर महाराष्ट्राचा, आणि एकाचं क्षेत्र दुसऱ्याला लागत नाही. आपली तक्रार कन्नडमध्ये लिहून द्यावी लागेल आणि आमच्या कमिटीत तसं नीट लिहिणारं एकच आहे, खजिनदाराची मुलगी. तिची परीक्षा चालू आहे.

सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य ॲथलेटिक्स स्पर्धा होती. नाडाची माणसं आल्याचं कळलं आणि शंभर मीटरच्या फायनलला एकच धावपटू उभा राहिला. शौचालयात सुया सापडल्या. शिक्षा तीच, कायदा तोच. त्या दिवशी फक्त तपासणारा हजर होता. आमच्या मैदानात तो हजर नसतो, म्हणून तर बाटली इतक्या निवांतपणे मोरीत टाकली जाते.

मी हात कशाला वर करणार

खेळाडूला कैद, याला माझा विरोध. पुरवणाऱ्याला कैद, याला पाठिंबा. पण एवढाच ठराव असेल तर तो दिल्लीच्या टपालात जाईल आणि तिथेच राहील. म्हणून त्याला दोन कलमं जोडावीत, असं मी सुचवलं आहे.

एक, पुढच्या जत्रेपासून आमच्या मैदानात जोडी लावताना पैलवानाने आणि त्याच्या वस्तादाने दोघांनीही लिहून द्यायचं. औषधाचा प्रकार उघडा पडला तर इनाम परत आणि त्या तालमीच्या जोड्या दोन वर्षं बंद. तपासणी आम्हाला करता येत नाही हे मान्य, पण मोरीत बाटली सापडली तर ती कुणाच्या खोलीजवळ सापडली हे वस्तादाला कळतंच. वस्ताद जबाबदार धरला गेला की तो पोराच्या डब्यातही बघतो. सध्या तो फक्त डाव बघतो.

दोन, तक्रार दोन्ही राज्यांच्या औषध निरीक्षकांना, एकाच मजकुराची, मराठीत आणि कन्नडमध्ये. बाटलीवरचा बॅच नंबर त्यात लिहायचा. लेबलाच्या खालच्या कडेला तो अजून दिसतो, मी फोटो काढून ठेवला आहे.

प्रोटीनच्या डब्यांचं काय, असं एकाने विचारलं. ते वेगळं प्रकरण आहे. त्यात सरसकट बंदी घालण्यासारखं काही नाही, पण सुट्टा माल, सील तुटलेला डबा, ‘मित्राने दिला’ असला डबा नको. डॉक्टरने दिलेल्या औषधाबद्दल शंका असेल तर नाडाचं नो युवर मेडिसिन नावाचं ॲप आहे. औषधाचं नाव टाकलं की त्यावर बंदी आहे का ते कळतं. सर्दीच्या गोळीपासून सगळं तपासून घ्यावं. आमच्यातल्या तिघांच्या फोनवर ते मी उतरवून दिलं. वस्तादांच्या फोनवर उतरत नाही, त्यांचा फोन बटणांचा आहे.

ज्याच्या खोलीजवळ बाटली सापडली त्या पोराचं नाव ठरावात नाही. वस्तादांनी त्याला बोलावून समोर बसवलं होतं, मी बाहेर होतो. आतून आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा जोर मारायला आला आणि चौथ्या फेरीतच बसला, धापा टाकत. वस्ताद म्हणाले, “बस. दम लागू दे.”

रविवारची बैठक संध्याकाळी पाचला आहे. सह्या करणाऱ्यांनी सातच्या आत यावं, नंतर हौद्यातली माती उकरायची आहे.