वडील गेल्यावर शाळा बदलावी की तीच ठेवावी?

दहावीला वर्ष-दीड वर्ष उरलं असेल आणि भाडं, फी ओढाताणीने का होईना निघत असेल, तर शाळा बदलू नका. मूल सहावी-सातवीत असेल आणि आजोळी खरोखर हाताशी माणसं असतील, तर बदलायला हरकत नाही. अवघड आहे ती आठवी आणि नववीची सुरुवात, आणि बहुतेक घरांत प्रश्न नेमका तिथेच येऊन पडतो.

मी नववी-दहावीची वर्गशिक्षिका होते. बापाविना झालेली मुलं वर्गात राहिलेली पाहिली, दाखला घेऊन गेलेली पाहिली आणि बाहेरून नव्याने आलेलीही. हा निर्णय बऱ्याचदा तेराव्याच्या आतच होऊन जातो, याचं मला कायम वाईट वाटत आलंय. "ताई, सगळं आवरून इकडेच ये, पोरांचं मी बघतो," असं मामा म्हणतो ते मनापासूनच. पण त्या दिवसांत आईला हो-नाही करायचंही त्राण नसतं.

जुन्या शाळेत सगळ्यांना माहीत असतं

मुंडन केलेल्या डोक्याने मुलगा वर्गात येतो, तेव्हा त्याला काही सांगावं लागत नाही. पहिल्या दिवशी वर्ग गप्प असतो. दुसऱ्या दिवशी बाकावरचा मित्र डबा पुढे सरकवतो आणि क्रिकेटचं काहीतरी बोलतो. ती सोबत नव्या शाळेत पहिल्या दिवसापासून मिळत नाही. त्या मित्राने बाबांना पाहिलेलं असतं, त्यांच्या स्कूटरवर बसलेला असतो.

तोटाही याच माहितीतून येतो. "बिचारा" हा शब्द पंधरा वर्षांच्या पोराला चटका देतो. वही अपुरी असली तरी सर रागावत नाहीत, आणि आपल्याला वेगळं वागवलं जातंय हे त्याला बरोबर कळतं. मुलीला तर "आता आईला तूच सांभाळायचं" हे येता-जाता ऐकावं लागतं. आईने वर्गशिक्षकांना भेटून सांगावं: अभ्यासाची मुदत वाढवून द्या, पण गृहपाठ माफ करू नका. एवढ्याने बराच फरक पडतो.

नव्या शाळेत कुणालाच माहीत नसतं

काही मुलांना हेच हवं असतं, आणि त्यात गैर काही नाही. तिथे ती नुसती नवी मुलं असतात, दुःखी मुलं नसतात. पण आपल्याकडे मुलाच्या नावात बापाचं नाव मधोमध असतं. ते हजेरीत, ओळखपत्रावर, बोर्डाच्या अर्जावर रोज समोर येतं. "वडील काय करतात?" हा प्रश्न पहिल्या आठवड्यात येतोच, आणि बहुतेक वेळा सगळ्या वर्गासमोर, माहितीचा तक्ता भरणाऱ्या शिक्षकांकडून.

म्हणून शाळा बदलणार असाल तर शाळा सुरू होण्याआधी मुख्याध्यापकांना आणि वर्गशिक्षकांना एकदा भेटा. वर्गात कुणाला सांगायचं, कुणाला नाही, हे मुलाला ठरवू द्या. प्रवेशअर्जावर वडिलांच्या नावाआधी 'कै.' लिहायची वेळ येते. ते त्याला लिहायला लावू नका, अर्ज तुम्हीच भरा.

बॉस्टनमध्ये 70 कुटुंबांतल्या, आई किंवा वडील गमावलेल्या 125 मुलांचा दोन वर्षं पाठपुरावा झाला होता. काही मुलांच्या अडचणी पहिल्या वर्षापेक्षा दुसऱ्या वर्षानंतर जास्त ठळक दिसल्या. मागे राहिलेला पालक किती सावरला आहे, यावर मुलाचं बरंच अवलंबून होतं. रोजच्या आयुष्यात फार उलथापालथ झाली नाही, तेव्हा मुलांना सोपं गेलं. आपल्या घरांनाही हे लागू पडतं असं मला वाटतं. "आता दोन महिने झाले, सावरलाय" म्हणून दाखला काढू नये. उलट, माहेरी गेल्याने आईला खरंच आधार मिळणार असेल, तर त्याचं वजन शाळेच्या नावलौकिकापेक्षा जास्त धरावं.

कागद आणि विषय

आठवीपर्यंत शिक्षण हक्क कायदा, 2009 पाठीशी आहे. सरकारी किंवा अनुदानित शाळेत बदली मागता येते, दाखला मुख्याध्यापकांनी लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही. नववीपासून हे कवच नसतं. सीबीएसईत दहावीच्या परीक्षेची नोंदणी नववीतच होते आणि दहावीत शाळा बदलायला मंडळाची परवानगी लागते. राज्य मंडळात भाषांचे 20 गुण शाळेच्या हातात असतात. वर्षाच्या मधे आलेल्या मुलाला ते देणारे शिक्षक त्याला नीट ओळखतही नसतात.

सीबीएसईतून राज्य मंडळात येणाऱ्याला गणितापेक्षा मराठी जड जाते. बीजगणित-भूमितीच्या वेगळ्या पेपरांची सवय दोन महिन्यांत होते, पण व्याकरण आणि उपयोजित लेखन तितक्या लवकर हाताला बसत नाही. माध्यमच बदलणार असेल तर आजोळच्या गावात सेमी-इंग्रजी तुकडी आहे का, हे सगळ्यात आधी बघा.

पैशाचं गणित

केवळ फीसाठी शाळा सोडत असाल तर आधी संस्थेला लेखी अर्ज द्या. कमावता माणूस गेल्यावर फी माफ करणाऱ्या किंवा हप्ते पाडून देणाऱ्या शाळा आहेत, पण आपण होऊन कुणी सांगत नाही. शाळेने विद्यार्थ्यांसाठी काही विमा काढलाय का, तेही विचारा. राज्याच्या बालसंगोपन योजनेतून एक पालक गमावलेल्या मुलालाही 18 वर्षांपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात. अर्ज जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात करायचा, म्हणून कुठे राहणार हे आधी नक्की करा. गावाकडे मुलगी तालुक्याच्या शाळेत एसटीने जाणार असेल, तर बारावीपर्यंत तिला अहिल्याबाई होळकर योजनेचा मोफत पास आहे.

वसतिगृहाचा पर्यायही कुणीतरी पुढे करतंच. केंद्र सरकारच्या नवोदय विद्यालयात परीक्षा देऊन नववीत प्रवेश मिळतो, राहणं-जेवण फुकट, शिक्षणही चांगलं. एरवी मी आनंदाने सुचवलं असतं. पण बाप गेल्याच्या वर्षी मुलाला आईपासूनही लांब ठेवायचं, हे मला पटत नाही.

मुलाला विचारताना

"तुला चालेल का?" असं विचारलंत तर उत्तर "चालेल" हेच येणार. त्याला तुमचा भार वाढवायचा नसतो. त्यापेक्षा विचारा, "इथून गेलास तर कोणाची आठवण येईल? तिथे कोणाला फोन करशील?" पहिल्या प्रश्नाला नावं पटापट आली आणि दुसऱ्याला एकही आलं नाही, तर उत्तर मिळालंच. त्याचं खाणं-झोप फार बिघडली असेल, शाळेत जायचंच नाही म्हणत असेल, तर शाळा बदलून ते सुटत नाही. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, 14416 ला, मराठीतही बोलता येतं.

बदलायचंच ठरलं तर वार्षिक परीक्षा जुन्याच शाळेत द्यावी, निकालानंतर दाखला काढावा, आणि मे महिना मुलाने नव्या गावात घालवावा. तिथल्या मैदानावर दोन-चार ओळखी झाल्या की जूनमध्ये वर्गात शिरणं सोपं जातं.