सेफ्टी कॅन्युला: नव्या स्टाफ नर्सच्या हातात क्लिपची बरी की बटणाची?

नवी सिस्टर कॅन्युला (सलाईनसाठी नसेत बसवायची, आत सुई असलेली नळी) लावताना घाबरते ती नस सापडेल की नाही याला. प्रिक (सुई चुकून स्वतःला टोचणं) मात्र अनेकदा नस सापडल्यावर होतो, स्टायलेट म्हणजे आतली सुई बाहेर काढल्यानंतरच्या काही क्षणांत. एका हाताचं बोट नसेवर दाबून धरलेलं असतं, कारण ते उचललं की चादर रक्ताने भरणार. दुसऱ्या हातात उघडी सुई. त्याच हाताने स्टॉपर लावायचा, सलाईन जोडायचं, स्टिकिंग चिकटवायचं. मग सुई गादीत खोचली जाते, उशीजवळ टेकवली जाते नाहीतर किडनी ट्रेमध्ये कापसाखाली जाते. सकाळी चादर बदलणाऱ्या मावशींना ती टोचूनच सापडते. कॅन्युलाची सुई पोकळ असते, तिच्यात रक्त उरतं, म्हणून टाक्यांच्या भरीव सुईपेक्षा हा प्रिक जास्त गंभीर धरतात.

इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे १ आणि सर्वसाधारण रुग्णालयात ५ मागे १ नर्स धरली आहे. नाईट ड्युटीला कितीतरी वॉर्डांत दोघींवर सगळे बेड असतात, आणि त्यातली एक बहुतेक वेळा नुकतीच रुजू झालेली. तिला ‘सांभाळून कर’ एवढंच सांगून भागत नाही. हातात दिलेली सुई स्वतःहून झाकली जाणारी हवी.

अशा सेफ्टी कॅन्युलाच्या बाजारात मुख्यतः दोन तऱ्हा मिळतात. पहिली क्लिपची: बी. ब्राउनची इंट्रोकॅन सेफ्टी आणि औषधाच्या पोर्टसह हवी असेल तर व्हॅसोफिक्स सेफ्टी. सुईचं टोक हबच्या (कॅन्युलाच्या मागच्या प्लॅस्टिकच्या तोंडाच्या) बाहेर येताच आतली बारीक धातूची क्लिप टोकावर बसते, वेगळं काहीच करावं लागत नाही. दुसरी बटणाची, उदाहरणार्थ बीडीची इन्साइट ऑटोगार्ड: बटण दाबलं की स्प्रिंगमुळे अख्खी सुई प्लॅस्टिकच्या नळीत ओढली जाते.

नव्या स्टाफसाठी आमची पसंती क्लिपलाच. बटण दाबणं ही एक जादा पायरी आहे आणि गडबडीत जादा पायरी हमखास राहते. पेशंट हात झटकतोय, नातेवाईक डोक्यावर उभे, अशा वेळी न दाबलेलं बटण म्हणजे साधीच सुई. उलट कॅथेटर (नसेत राहणारी मऊ नळी) पूर्ण आत सरकण्याआधी चुकून दाबलं गेलं तर हाताशी आलेली नस जाते. सुई झटक्याने मागे जाताना रक्ताचे बारीक थेंबही उडू शकतात, तेव्हा चेहरा जवळ नेऊ नये. बटणाची जमेची बाजू एकच, पण मोठी: सुई मुळापासून नाहीशी होते. क्लिपमध्ये फक्त टोक झाकलं जातं, रक्ताने माखलेला दांडा उघडाच राहतो, म्हणून ती बेडवर टाकायची मुभा मिळत नाही.

क्लिपवाली वापरताना हात थोडा बदलावा लागतो. टूर्निकेट (नस फुगवायला हातावर बांधायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या साधारण ८ ते १० सेंमी वर. त्वचा अल्कोहोलमधल्या २ टक्के क्लोरहेक्सिडिनने पुसून ३० सेकंद सुकू द्यायची, फुंकर मारायची नाही. १५ ते ३० अंशांत शिरायचं, रक्ताचा फ्लॅश दिसला की सुई आडवी करून आणखी २–३ मिमी पुढे न्यायची. नवख्या हातांचं नेमकं इथेच बिघडतं: फ्लॅश दिसताच कॅथेटर ढकलतात, तेव्हा सुईचं टोक नसेत असतं पण कॅथेटरचं टोक बाहेरच असतं. नस फुटते, सूज येते आणि दोष कॅन्युलाला जातो. कॅथेटर पूर्ण सरकलं की टूर्निकेट सोडायचं, टोकाच्या पुढे नस दाबायची, मग हब दोन बोटांत घट्ट धरून सुई सरळ रेषेत ओढायची. क्लिप हबमधून सुटताना हलकासा अडथळा जाणवतो. हब धरलेलं नसेल तर या झटक्यात कॅथेटरच बाहेर येतं. शेवटी ३ ते ५ मिली नॉर्मल सलाईनने फ्लश.

एकदा बाहेर काढलेली सुई त्याच कॅथेटरमध्ये पुन्हा घालू नये, कॅथेटर कापलं जाऊन तुकडा नसेत जाण्याचा धोका असतो. साध्या कॅन्युलात हा मोह होतो. इथे क्लिप बसल्यावर ते जमतच नाही, आणि हा गुण आम्हाला फार मोलाचा वाटतो.

हबमधून मागे येणारं रक्त मात्र साधी क्लिप थांबवत नाही. त्यासाठी हबमध्ये झडप असलेली मॉडेलं येतात, ती आणखी महाग. गेजचे (जाडीच्या क्रमांकाचे) रंग नेहमीचेच: १८ हिरवा, २० गुलाबी, २२ निळा, २४ पिवळा.

सेफ्टी कॅन्युला साध्यापेक्षा महाग पडते, आणि खरेदी विभाग तिथेच अडतो. सगळ्या वॉर्डांना एकदम मिळणार नसेल तर कॅज्युअल्टी, डायलिसिस आणि मेडिसिन वॉर्डासाठी आधी मागावी. इंडेंटमध्ये (मागणीपत्रात) नुसतं ‘सेफ्टी’ लिहू नये. क्लिप की बटण, पोर्टसह की विनापोर्ट, कोणता गेज, हे स्पष्ट लिहावं. नाहीतर सवय नसलेला माल येतो, कपाटात पडून राहतो आणि पुढच्या वेळी ‘स्टाफ वापरत नाही’ म्हणून मागणी फेटाळली जाते. एका बॉक्सची ट्रायल इन्फेक्शन कंट्रोल नर्समार्फत घेणं सोपं जातं. ती डे शिफ्टला सीनियर सिस्टरसमोर करावी, पहिली ओळख नाईटला नको.

सेफ्टी असो वा नसो, शार्प्सचा डबा ट्रॉलीवर, हाताच्या अंतरावर हवा. जैव-वैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे सुईसाठी पांढरा अर्धपारदर्शक, न टोचला जाणारा डबा, आणि तीन चतुर्थांश भरला की बंद. काढून टाकलेलं कॅथेटर आणि सलाईनची नळी लाल पिशवीत. डबा नर्सिंग स्टेशनवर आणि पेशंट बेड नंबर बाराला असेल तर क्लिपचा पैसा निम्मा वाया.

शिवाय ही कॅन्युला इंजेक्शनची सुई, इन्सुलिन किंवा शुगरचा लॅन्सेट यांपासून वाचवत नाही. नोकरीला लागताच हिपॅटायटिस बीची लस ०, १ आणि ६ महिन्यांनी घ्यावी आणि शेवटच्या डोसनंतर १ ते २ महिन्यांनी टायटर (रक्तातली प्रतिपिंडांची पातळी) तपासावा. १० एमआययू/मिली किंवा जास्त हवा. लस नसेल तर बाधित रक्ताच्या प्रिकमधून हिपॅटायटिस बीचा धोका ६ ते ३० टक्के, एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के.

प्रिक झालाच तर बोट पिळू नये, तोंडात घालू नये, स्पिरिट चोळू नये. साबण आणि वाहत्या पाण्याने धुऊन लगेच इन्चार्ज सिस्टरना किंवा ड्युटी डॉक्टरांना कळवावं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू होऊन २८ दिवस चालतात. रजिस्टरमध्ये नोंद त्याच शिफ्टला करून घ्यावी आणि वापरात कोणती कॅन्युला होती तेही लिहावं. पुढचं इंडेंट मागताना खरेदी विभागासमोर ठेवायला हीच नोंद उपयोगी पडते.