पाटल्यांवर शिक्का अंगठीचा

लेकीच्या लग्नासाठी 2024 च्या अक्षय तृतीयेला पाटल्यांची जोडी केली, 30 ग्रॅमची. बावीस कॅरेटचा भाव तेव्हा ग्रॅमला साडेसहा हजारांच्या पुढे होता. म्हणजे दोन लाखांचं सोनं आणि वर घडणावळ. सराफ ओळखीचा, माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांकडून सोनं घेतलेलं. त्याने आवाज खाली आणून विचारलं, "काका, बिल पक्कं करू की कच्चं? पक्क्याला तीन टक्के जीएसटी बसेल."

सहा हजार वाचत होते. हिने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, तरी मी म्हणालो, कच्चंच कर.

गुलाबी चिठ्ठी मिळाली. वर 'अंदाजपत्रक' छापलेलं, खाली पेनाने वजन आणि आकडा. दुकानाचं नाव नाही, सही नाही. 20,000 फोनवरून दिले, बाकी रोख.

लग्न पार पडलं. पाटल्या लॉकरात ठेवायच्या आदल्या रात्री भाचीने सहज शिक्का बघितला. आतल्या बाजूला हॉलमार्कचं त्रिकोणी चिन्ह, 22के916 (बावीस कॅरेट, म्हणजे हजारात 916 भाग शुद्ध सोनं) आणि सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे दागिन्याचा ओळख क्रमांक. इतका बारीक की मोबाईलच्या कॅमेऱ्याने मोठा करून वाचावा लागला. 1 एप्रिल 2023 पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही आणि प्रत्येक नगाचा क्रमांक वेगळा असतो. आमच्या दोन्ही पाटल्यांवर एकच. हे तर शिक्का एकदा वाचला असता तरी कळलं असतं! भाचीने भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला. शुद्धता 916, बरोबर. दागिन्याचा प्रकार: रिंग. सराफाचं नावही दुसऱ्याच कुणाचं. कुणाच्या तरी अंगठीचा क्रमांक उचलून आमच्या पाटल्यांवर मारला होता.

दुसऱ्या दिवशी दुकानात गेलो. "मशीनची चूक असेल काका, ठेवून जा, संध्याकाळी नवा शिक्का मारून देतो." एवढ्यापुरती अक्कल शाबूत होती, वस्तू हातची सोडली नाही. शेजारच्या शहरातल्या मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात तपासणी केली. चार नगांपर्यंत 200 रुपये आणि जीएसटी, कुणीही ग्राहक करून घेऊ शकतो. अहवालात 833 आलं, म्हणजे वीस कॅरेट. हजारी 83 कमी. 30 ग्रॅममागे अडीच ग्रॅम शुद्ध सोनं गेलं.

ॲपमधूनच भारतीय मानक ब्युरोकडे तक्रार केली. फोटो, अहवाल, सगळं जोडलं. नियम चांगला आहे: हॉलमार्कच्या दागिन्यात शुद्धता कमी निघाली तर फरकाच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च सराफाने द्यायचा. मी मनातल्या मनात छत्तीस हजार मोजूनही ठेवले होते. मग अधिकाऱ्यांचा फोन आला. बोलणं सभ्य, प्रश्न एकच: "बिल?"

चिठ्ठी पाठवली. "यावरून दुकान कुठलं ते कसं ठरवायचं?" सराफाला विचारलं तर तो म्हणाला, हे गिऱ्हाईक माझं खरं, पण ते 20,000 चांदीच्या ताटवाटीचे होते, पाटल्या त्यांनी कुठून घेतल्या मला ठाऊक नाही. वडिलांच्या वेळची ओळख!

खोट्या क्रमांकाची चौकशी ब्युरो आपल्या पद्धतीने करेल, पण भरपाईसाठी पाटल्या त्याच दुकानातल्या आहेत हे मला सिद्ध करायचं आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, दोन वर्षांच्या आत जाता येतं. वकिलाने चिठ्ठी उलटसुलट करून बघितली आणि परत दिली. त्या दुकानात कॅमेरे होते, पण तक्रारीला आम्ही पोचेपर्यंत त्या दिवसाचं चित्रण पुसलं गेलं होतं, असं सराफ म्हणतो.

पक्क्या बिलावर प्रत्येक नगाचं वर्णन, सोन्याचं निव्वळ वजन, कॅरेट आणि शुद्धता, हॉलमार्किंगचं शुल्क, हे सगळं वेगवेगळं लिहावंच लागतं. यातली एक ओळ जरी माझ्याकडे असती तरी तो ताटवाटीची गोष्ट रचू शकला नसता.

परवा नातीच्या बारशासाठी बाळ्या घेतल्या, दुसरीकडे. जेमतेम दीड ग्रॅमच्या. दोन ग्रॅमच्या आतल्या दागिन्याला हॉलमार्कची सक्ती नाही, तरी मी बिल मागितलं. सराफ हसला, "एवढ्याशा बाळ्यांना?" हिने माझ्या आधीच उत्तर दिलं, "हो, पक्कं. दुकानाच्या शिक्क्यासकट."