झेनमध्ये एस्टीमचं १.३ इंजिन : अकरा महिने, १४ हजार किमी, चार फाउंडेशन

फोंडा घाट, मे महिना, दुपारचे पावणेतीन. मागच्या सीटवर दोन फणस, शेजारी अप्पा, एसी चालू. चढावरच्या वळणाला पहिला गिअर टाकून क्लच सोडला आणि गिअरचा दांडा आपणहून न्यूट्रलला येऊन बसला. परत टाकला, परत आला. बॉनेट उघडून अप्पांना अ‍ॅक्सिलरेटर दाबायला लावलं, तर बसलेली म्हैस उठायला बघते तसं इंजिन अख्खं उचललं आणि धप्पकन खाली बसलं. मागचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं ते रबर, फाटलं होतं. किंमत ३८० रुपये.

राधानगरीपर्यंत आम्ही कसे आलो ते सांगितलं तर खोटं वाटेल. मी क्लच दाबून "सोडा" म्हणायचो, अप्पा दांडा सोडायचे. मी गिअर टाकून "धरा" म्हणायचो, ते दोन्ही हातांनी धरून ठेवायचे. ७२ वर्षांचा माणूस. तिथून पुढे कोल्हापूरपर्यंत टोचन, त्याचे ३,५०० रुपये. घरी उतरल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "जुनं इंजिन होतं तेव्हा मी नुसता बसून यायचो."

त्या रात्री गाडीला शिव्या घालणारं एक लांबलचक पान लिहून ठेवलं होतं. बरं झालं ते कुणाला दाखवलं नाही, कारण त्यातलं निम्मं आता खोडावं लागलं असतं.

गाडी २००१ची, एमपीएफआय म्हणजे फ्युएल इंजेक्शनची झेन, अप्पांनी नवी घेतलेली. मूळचं ९९३ सीसी, ६० बीएचपीचं इंजिन ऑइल प्यायला लागलं होतं. बोअर करायचा खर्च ऐकून माझ्या डोक्यात किडा वळवळला: तेवढ्याच पैशात एस्टीमचं १.३ का नको? सुझुकीची तीच जी सिरीज, तेच कुळ, ८५ बीएचपी. झेनचं वजन साडेसातशे किलोच्या आसपास, एस्टीम तिच्यापेक्षा शंभरेक किलोनं जड. म्हणजे सेडान ओढणारं इंजिन हलक्या गाडीला. कागदावर हे गणित फार गोड दिसतं. "तेवढ्याच पैशात" हे मात्र तेव्हाही खोटं होतं, मला कळायला तीन महिने लागले.

खर्च आधीच सांगून टाकतो, सगळे तेच विचारतात. भंगारातून इंजिन, गिअरबॉक्स, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर) आणि पूर्ण वायरिंग मिळून २६,०००. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्लच प्लेट, ऑइल सीलं, गॅस्केट ११,५००. पुढचं सस्पेन्शन आणि ब्रेक १७,४००. रेडिएटर ४,२००, वायरमन ६,०००, मिस्त्रींची मजुरी १८,०००. किरकोळ धरून ८८,४००. टोचन यात नाही. आमच्या हिचं म्हणणं, एवढ्यात हप्ता बांधून जुनी स्विफ्ट आली असती. बरोबर आहे तिचं.

आता चांगलं. पिकअप. राधानगरी रोडला उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर पुढे असला की पूर्वी मी समोरचा रस्ता अर्धा किलोमीटर मोकळा मिळायची वाट बघायचो. आता तिसऱ्यात पाय दाबला की काम संपतं. चार माणसं आणि एसी असतानाही घाटात दुसऱ्याला चढते. गिअरबॉक्सही एस्टीमचाच ठेवला, त्यामुळे हायवेला इंजिन ओरडत नाही. फक्त मीटर जास्त दाखवतं, कारण तो गिअरबॉक्स एस्टीमच्या मोठ्या चाकांच्या हिशेबाचा आणि माझी चाकं लहान. काट्यावर १०० असताना मोबाइलवर ९४. म्हणजे वरचे १४ हजारही काट्यावरचेच, खरे १३ हजारांच्या पुढे. अ‍ॅव्हरेज काढताना हे विसरू नका, नाहीतर उगाच खूश व्हाल. मी दोन महिने झालो होतो. खरा आकडा गावात साडेबारा, हायवेला सोळाच्या आत. जुनं इंजिन गावात सोळा द्यायचं.

सस्पेन्शनबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगतो. "एस्टीमचं सगळं सस्पेन्शन टाकून देतो" असं कुणी म्हणालं, तर मागचं कसं टाकणार ते त्याला विचारा. एस्टीमला मागेही स्वतंत्र स्ट्रट आहेत, झेनला मागे सरळ अ‍ॅक्सल आणि कॉइल. त्याचा याला मेळ नाही. माझ्या गाडीत पुढे एस्टीमचे स्ट्रट, स्प्रिंगा आणि ब्रेक आहेत. मागे झेनचेच नवे शॉकअप. सुरुवातीला पुढची बाजू दीड इंच वर राहिली, कारण त्या स्प्रिंगा जड गाडीच्या. गाडी हंबरायला निघाल्यासारखी दिसायची. मिस्त्री म्हणाले, "अर्धा वेढा कापतो की, हाय काय त्यात." नको म्हटलं. कापलेली स्प्रिंग आणखी कडक होते आणि वाटीत नीट बसत नाही. मागे रबराच्या चकत्या टाकल्या, तीनेक हजार किलोमीटरमध्ये पुढचंही थोडं बसलं. आता खड्डे जास्त कळतात, पण वळणावर गाडी पूर्वीसारखी लवंडत नाही. ब्रेक न बदलता नुसतं इंजिन टाकणाऱ्यांना मात्र माझा हात जोडून नमस्कार. गिअरबॉक्सकडून चाकांकडे जाणारा शाफ्ट मापात बसत नाही म्हणून कापून वेल्ड करतो म्हणणाऱ्यालाही. माझ्या मिस्त्रींनी दोन गाड्यांचे जॉइंट अदलाबदल करून लांबी जुळवली, त्यात आठवडा गेला, पण शाफ्टला वेल्डिंग लावलं नाही.

हे सगळं एका परिच्छेदात आटोपलं, कारण माझे अकरा महिने यात गेलेच नाहीत. ते गेले फाउंडेशनमध्ये.

गंमत बघा. या इंजिनाचं बाकी सगळं मिळतं. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेड गॅस्केट, मागाल ते. कारण हेच १.३ जिप्सीत होतं आणि लष्करामुळे जिप्सी २०१८पर्यंत बनत राहिली. पण जिप्सीत इंजिन गाडीच्या लांबीत उभं, एस्टीममध्ये आडवं. त्यामुळे पोटातलं सगळं जिप्सीच्या पुण्याईनं मिळतं, आणि इंजिन ज्यावर टेकतं ते रबर एस्टीमचंच लागतं. एस्टीम २००७ला बंद. चला शोधा.

पहिलं फाउंडेशन इंजिनासोबत आलेलं जुनंच होतं. २,६०० किमीला गेलं. दोष त्याच्या वयाला दिला. दुसरं बाजारातलं नवं, तेच ३८० रुपयांचं, ३,१०० किमीला फोंडा घाटात. दोष दुकानदाराला दिला, त्याच्याशी भांडलोही. रबराला गॅरंटी नसते म्हणाला. मी म्हटलं, मग चपलेला असते ती कशी? त्यावर त्यानं पाणी आणून दिलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

मग डोकं चालवलं. दुसऱ्या एका जुन्या फ्रेममध्ये पॉलियुरेथेन ओतून घेतलं, ९०० रुपये. हे फाटणार नाही, एवढंच बघितलं. फाटलं नाहीच. पण इंजिनाची प्रत्येक थरथर अंगात यायला लागली. सिग्नलला उभं राहिलं की डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण टर्रर्र. पीयूसीच्या जुन्या पावतीची घडी करून फटीत कोंबली, तर स्टिअरिंगखालून आवाज. तिथं सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावला, तर मागच्या दाराची काच. सहा आठवडे मी सिग्नल लागला की गाडी न्यूट्रलला टाकून रेस थोडी वाढवून धरायचो, हजार-अकराशेला टर्रर्र थांबायची म्हणून. पेट्रोल कुणाचं जळत होतं? माझंच. ८८ हजार घालून माणूस सिग्नलला रिक्षात बसल्यासारखा बसतो, हे सहन होईना. अप्पांनी तर मंडईपर्यंत केएमटीच्या बसनं जाणं सुरू केलं.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं: हा उद्योग फसला, गाडी विका.

जुलैत एका रविवारी तिसरं काढून ठेवलं आणि सहज आधीची दोन्ही फाटकी फाउंडेशनं त्याच्या शेजारी कट्ट्यावर मांडली. तिन्हींचं तोंड एका बाजूला केलं. पहिलं डाव्या अंगाला खालून तिरकं फाटलेलं. दुसरं डाव्या अंगाला, खालून, तिरकं. पॉलियुरेथेनचं फाटलं नव्हतं, पण त्याच जागी नखानं ओढल्यासारखी सुरकुती. तीन वेगळी फाउंडेशनं, एकच जागा. म्हणजे रबराचा दोष नव्हता, ना त्या दुकानदाराचा. इंजिनच वाकडं बसलेलं होतं.

मिस्त्रींना फोटो पाठवला. अर्ध्या तासात स्वतः घरी आले, आणि याचे मी त्यांना पूर्ण मार्क देतो. खाली शिरून बघितलं, टेप लावली, बाहेर आले आणि म्हणाले, "सर, चूक माझी हाय. ब्रॅकेट नऊ एमएमनं सरकलंय." त्यांनी स्वतः बनवलेलं ब्रॅकेट. तिथं बोल्ट बसावा म्हणून बसवतानाच रबर पिळलं जात होतं. गाडी उभी असतानाही ते बिचारं ताणातच. घाटात वरून जोर आला की तुटणारच.

ब्रॅकेटचं भोक लांबवून घेतलं. सांगलीत एका जुन्या दुकानात मूळ कंपनीचं फाउंडेशन सापडलं, पिवळं पडलेलं खोकं, १,१५० रुपये, घासाघीस शून्य. आणि या वेळी बसवायची पद्धत बदलली, ती लिहून ठेवतो. सगळे बोल्ट आधी नुसते हाताने लावले. जॅक काढून इंजिनाचं वजन फाउंडेशनवर येऊ दिलं. इंजिन चालू करून दोन मिनिटं तसंच गुरगुरू दिलं, दोन-तीन वेळा हलकी रेस, मग बंद. जिथं ते आपसूक स्थिरावलं तिथं बोल्ट आवळले, मागचा सगळ्यात शेवटी. पाना फिरवताना कुठंही दांडपट्टा खेळावा लागला नाही. पूर्वी पहार लावून भोकं जुळवत होतो, तेव्हाच समजायला हवं होतं.

सेल्फ मारला. कप्प्याकडे बघत बसलो. काही नाही. पीयूसीची घडी काढून घेतली, तरी काही नाही. या चौथ्याला सहा हजार किमी झालेत, फोंडा घाट दोनदा, आंबोली एकदा. गिअरचा दांडा आता क्लच सोडताना बोटभरही हलत नाही. अप्पा परत शेजारी बसायला लागलेत.

म्हणजे गाडीबद्दलचं मत बदललं. आता मला ती आवडते, नाइलाजानं का होईना.

वायरिंगबद्दल दोनच ओळी. ईसीएमला चावीतल्या चिपचं कुलूप असलेली गाडी भंगारात मिळाली, तर तिची मूळ चावी आणि तो सगळा संच घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि आता पंपावर ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल, असल्यानं पेट्रोलचे जुने रबरी पाइप सगळे बदलून टाका. माझ्या एका पाइपला बसल्या बसल्या घाम फुटला होता.

कागदांचं मात्र गोड बोलता येत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, त्यात जानेवारी २०१९चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल: कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. इंजिन बदलायलाही नोंदणी कार्यालयाची मंजुरी लागते. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मी अर्ज आधी दिला आणि उत्तराची वाट न बघता काम केलं, हा माझा शहाणपणा. आरसीवर अजून ९९३ सीसी आहे. अपघात झाला तर विमावाले याच ओळीवर बोट ठेवतील. खिडकीवरच्या माणसानं तीन खेपांत तीन वेगळे कागद मागितले, चौथ्यांदा मी गेलो नाही.

आणि पासिंग पुढच्या ऑगस्टात आहे.

जुनं इंजिन जिन्याखाली आहे. ग्रीस लावून, पोत्यात गुंडाळून, वर फळी टाकून. आईनं त्या फळीवर लोणच्याची बरणी ठेवलीय. गेल्या आठवड्यात भंगारवाला साडेसहा हजार देतो म्हणाला. डिसेंबरात हाच आकडा आला असता तर त्याच टेम्पोत चढवून दिलं असतं. या वेळी मी नको म्हटलं, आणि संध्याकाळी मिस्त्रींना फोन करून रिंगांचा भाव विचारला.